दत्तोपंतांची मोटार विकणे आहे

दत्तोपंत वकिलांच्या मोटारीत बसायचं तर आधी पाय धुवावे लागत. फाटकापाशी बादली, तांब्या आणि पायपुसणं कायम मांडलेलं. एकदा एक गोरा साहेब बुटांसकट चढायला निघाला, तर यांनी त्याच्याही हातात तांब्या दिला. साहेब चालत गेला. "पद्धत म्हणजे पद्धत!" दत्तोपंत म्हणाले.

मोटार अमेरिकन. पितळी दिवे दर रविवारी चिंचेनं घासायचे, गाद्यांना खोबरेल चोळायचं, थंडीत वरून सोलापुरी चादर. दत्तोपंतांना बारमाही सर्दी, पण मोटारीला कधी वारा लागू दिला नाही. दहा वर्षांत आमच्या गवळ्याची म्हैस तिच्यापेक्षा जास्त हिंडली असेल.

पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोर उभी असलेली गाय दिसेना, तेव्हा त्यांनी साप्ताहिकात जाहिरात दिली: 'अमेरिकन मोटार, नव्यासारखी, विकणे आहे. पाय धुण्याची सोय आहे.'

त्यांना मूलबाळ नव्हतं, काकू जाऊनही दोन वर्षं झालेली. त्यामुळे गिऱ्हाइकं आणायचं काम शेजारचा शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. नुसती उभी राहिली तर मोटार गंजणार, आणि नको त्याच्या हाती गेली तर म्हातारा हाय खाणार, हे मला दिसत होतं.

मोहोळचे एक सावकार आले. पाय धुतले, गादीवर बसले, खूश झाले. दत्तोपंतांनी एकच प्रश्न विचारला, "घरची मंडळी कुठं बसणार?"

"मागं."

"सौदा नाही."

मी मनात म्हटलं, फारच सोवळं प्रकरण! पुढच्या गिऱ्हाइकाला मी पढवून पाठवलं. तो म्हणाला, "मागं, पडदा लावून." सौदा नाही. तिसऱ्यानं दुहेरी पडदा कबूल केला. चौथ्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या बायका मोटारीकडं बघणारसुद्धा नाहीत!" त्याला दत्तोपंतांनी चहासुद्धा विचारला नाही.

मी कपाळाला हात लावला.

मग सांगोल्याकडचा एक मेंढ्यांचा व्यापारी बायकोला घेऊन थेट दारात उभा राहिला. त्याला पढवायला मला सवडच मिळाली नाही. दत्तोपंतांनी तोच प्रश्न टाकला.

"म्होरं बसंल की माज्याजवळ," तो म्हणाला. "मागं एकटीच बसून काय करंल? बोलाया नगं व्हय?"

"आन् ह्यांना वळायचं कुटं, ते मीच सांगती," बाई म्हणाली. "लई चुकत्यात."

झालं, सौदा मोडला, असं मी धरूनच चाललो होतो. तर दत्तोपंतांनी किल्ली काढली आणि बाईच्या हातात दिली.

मोटार गेली. बाई पुढं बसून हातवारे करत होती, नवरा हसत होता. मला राहवेना. मी म्हटलं, "दत्तोपंत, हे काय केलंत?"

त्यांनी फाटकापाशची बादली उपडी करून ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, आमची ही दर सोमवारी माझ्याबरोबर सिद्धेश्वराला यायची. मागं बसून. माझ्या शेजारी कज्ज्यांचं दप्तर. एकदा म्हणाली, मागून मला तुमची नुसती पगडी दिसते, पुढं बसू का? मी म्हटलं, लोक काय म्हणतील!"

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. त्या तीन गिऱ्हाइकांना काय काय पढवलं ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरी येईपर्यंतच पस्तावलो होतो हो. पुढच्या सोमवारी दप्तर घरीच ठेवलं. तिनं पुन्हा विचारलं असतं, तर मी हो म्हणणार होतो. दर सोमवारी वाट बघायचो. तिनं विचारलंच नाही."