नेनेकाकांचा कलेक्टर

सिंगापुरातल्या आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमधले नेनेकाका नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारत, "तुमच्याकडे कलेक्टर कोण आणि पार्टी कोण?" माणूस गोंधळला की काका खुलायचे.

पेशानं अकाउंटंट, आता निवृत्त. मुलगा सिडनीला. डोक्यात मात्र फॅसिस्ट इटलीतला जिल्हा. तिथं प्रत्येक जिल्ह्यात सरकारचा प्रीफेक्ट असे, म्हणजे आपला कलेक्टर, आणि त्याच्या उरावर पक्षाचा चिटणीस. कागदावर प्रीफेक्ट मोठा. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांच्या चुगल्या रोमला कळवत. "आणि रोम निवांत," काका म्हणत. हे सूत्र ते नवराबायकोपासून आमच्या मराठी मंडळापर्यंत सगळ्यांना लावत.

मंडळात मी सेक्रेटरी, काका समितीवर. सभेत मी बोलायला उठलो की ते खिशातून कार्ड काढून काहीतरी टिपत. काय, ते सांगत नसत. पुढच्या वर्षी मला अध्यक्ष व्हायचं होतं, आणि हा माणूस माझी फाइल करतोय असं मनानं घेतलं.

आमच्याकडे घरांच्या खिडक्या कॉरिडॉरवर उघडतात. येताजाता मी आत डोकावू लागलो. दर शनिवारी चार वाजता, मी बाजारातून परतताना, टेबलावर दोन कप मांडलेले. पाहुणा मात्र कधीच दिसला नाही.

आज कबूल करतो. मी अध्यक्षांना निनावी पत्र टाकलं: नेने सभासदांच्या नोंदी ठेवतात, शनिवारी चारला त्यांच्याकडे कोणीतरी गुपचूप येतं, दोन कप असतात. काकांना समितीतून हळूच वगळलं. मी अध्यक्ष झालो. काकांनी कुणाला काही विचारलं नाही.

वर्षभरानं ते मुलाकडे कायमचे निघाले, तेव्हा मला आत बोलावलं. शनिवारच होता. त्यांनी कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. सगळ्यांवर नुसती इटली. माझं भाषण लांबलं की काका तिकडे जात असणार. गठ्ठ्याच्या तळाशी माझं पत्र होतं. तेव्हाच्या अध्यक्षांनीच त्यांना दिलेलं.

"प्रीफेक्टकडे असली पत्रं पोत्यानं यायची," ते म्हणाले. "लिहिणारा बहुतेक शेजारीच. लांबच्याला कप कुठून दिसणार?"

मी पत्र परत गठ्ठ्याखाली सरकवलं.

"दुसरा तुझाच होता रे, सुधीर," चहा ओतत काका म्हणाले. "खिडकीशी थांबायचास ना. वाटायचं, आज येशील आत."