हौसाबाईच्या बाटल्यांचा अंदाज

विष्णुपंत खऱ्यांच्या पुढ्यात काहीही ठेवा, ते आधी जिभेच्या टोकावर घेत, डोळे मिटत आणि विचारत, "हे विकायला काढायचं म्हटलं, तर काय पडेल?"

आमच्या थोरलीच्या बारशाला आले, तर पाळण्याकडे जायच्या आधी त्यांनी बाळगुटी चाटून पाहिली. मग कानावरची निळी पेन्सिल काढून घुगऱ्यांच्या कागदावर डब्या, सहाणा, जाहिरात असा हिशेब मांडून बसले. आमची ही वैतागून म्हणाली, "भावजी, बाळाचं तोंड तरी बघा!"

लोणावळा स्टेशनात मालधक्क्यावर कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. एकटेच राहत. मी शाळेत मास्तर, भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांनी आजवर दंतमंजन, शिकेकाई, पापड, उदबत्ती अशा चाळीसेक धंद्यांचे अंदाज काढले होते, आणि एकही धंदा काढला नव्हता. कारण प्रत्येक अंदाजात ते तीन रकमा हटकून धरत: फुटतूट, उंदीर आणि मेहुणे. "मास्तर, धंदा म्हटला की फुकट माल नेणारा मेहुणा आलाच." या तिघांमुळे बेरीज इतकी फुगे की खाली ठरलेला शेरा पडे, 'तूर्त थांबावे'. विष्णुपंतांना मुळात मेहुणा नव्हता.

तुंगार्लीच्या वरच्या वाडीतली हौसाबाई उन्हाळ्यात फलाटावर करवंदांचे द्रोण विकायची. दिवस कलला की उरलेली करवंदं फेकून द्यावी लागत. एका वैशाखात तिने ती गुळात आटवली, गाळली आणि तांब्याभर पाणी घालून विष्णुपंतांच्या ओट्यावर आणली.

"भाऊ, बगा बरं, कसं लागतंय?"

वाडीवरच्या बाईच्या हातचं पाणी! समोरच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. विष्णुपंतांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला आणि पेन्सिल काढली.

आठ दिवस लिहीत होते. बाटल्या, बुचं, बुचांवरची लाख, गूळ, बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्यांची छपाई. नवव्या दिवशी हौसाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ, तुमचा कागद व्हईस्तवर करवंदं संपत्याल. लाकडं मी आनते, करवंदं माजी. बाकीचं तुमी बोला."

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा विष्णुपंतांनी मेहुणे खोडले. मग उंदीर खोडले. बंगल्यांच्या माळ्यांकडून रिकाम्या बाटल्या मिळवल्या. बुचांच्या दरावरून अर्ध्या आण्यासाठी दुकानदाराशी तासभर भांडले. बेरीज अठ्ठावीस रुपयांवर आली. पैसे त्यांचे, नफा निम्मा-निम्मा.

चिठ्ठ्या छापायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. कागदावर लिहिलं होतं, 'हौसाबाईचे करवंद सरबत, लोणावळे.' छापखानेवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. "बाईचं नाव कशाला? मोठ्या टायपात वेगळी ओळ, बारा आणे जास्त. आणि ही हौसाबाई कोण, कुठली, हे कळलं तर घेईल का कुणी?"

मला वाटलं, आता ओळ उडाली. विष्णुपंतांनी मुकाट्याने बारा आणे टेबलावर ठेवले. "त्याहून मोठा टाईप असेल तर तो लावा."

परतीच्या गाडीत तळेगाव मागे पडल्यावर विष्णुपंत म्हणाले, "आमची आई दंतमंजन करायची. गावात घरोघर जायचं. लोक म्हणायचे, खऱ्यांचं मंजन. वडील गेले, तरी खऱ्यांचंच. ती गेल्यावर दहाव्याला भटजींनी तिचं नाव विचारलं, तेव्हा शेजारच्यांना कळलं की तिला नाव होतं."

त्यांनी चिठ्ठ्यांचं पुडकं मांडीवर सरळ करून घेतलं.

हौसाबाईने चिठ्ठी हातात धरली आणि विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?" विष्णुपंतांनी बोट ठेवलं. ती त्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लय मोटी दिसतीया की!"

फलाटावर पहिल्या दिवशी एकही बाटली गेली नाही. दुसऱ्या दिवशी चार. समोरच्या खिडकीतून तर कुणी विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईची गाडी लागली. हौसाबाई टोपली घेऊन संकोचून खांबाशी उभी होती. द्रोण विकताना खणखणीत ओरडणाऱ्या बाईला स्वतःचं नाव घेऊन ओरडता येईना.

विष्णुपंतांनी टोपी सारखी केली. उभ्या हयातीत त्यांनी हमालाला हाकसुद्धा हळू मारली होती. त्यांनी दोन्ही हातांत बाटल्या घेतल्या आणि डब्यांच्या कडेने चालू लागले. "हौसाबाईचं करवंद सरबत!" आवाज पहिल्यांदा चिरकला, दुसऱ्यांदा लागला.

एका डब्यातून जरीच्या टोपीचे गृहस्थ वाकले. "हौसाबाई? ह्या कोण बुवा?"

विष्णुपंत थांबले, बाजूला झाले आणि खांबाकडे हात करून अदबीने म्हणाले, "त्या."

हौसाबाईने पदर सावरला आणि टोपली घेऊन पुढे आली.