वैशाखातले धुके आणि ताराऊचे अडले लग्न

श्वास घेणारांचे कल्याण असो, सोडून गेलेल्यांस सद्गती असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी राजनगरीत दादासाहेब राजे यांच्या चुलती आवडाकाकी हळदकुंकवाची चांदीची कोयरी पुन्हा पुसत पुटपुटत होत्या, "सकाळी पुसावी तर दुपारी काळी. लग्नघर आहे की लोहाराची आळी." आणि खोकत होत्या. कोयरी राजांच्या लेकीस, मांडीवर वाढविलेल्या ताराऊस, सासरी जाताना द्यावयाची. परंतु द्यावी कधी? लग्न लागेल तर ना.

त्याचे कारण ऐसे की, दादासाहेबांनी नगरीभोवती भट्ट्या मांडल्या, धुरांडी उभारली, मोटारी धावविल्या, राज्यास बरकत जाहली, आणि नगरीवर राखाडी छत्र आले. त्यास धुके म्हणावे ऐसे दिवाणजींनी ठरविले, मग सर्वांनी धुके म्हटले, भर वैशाखातही म्हटले. आणि भाऊबंद मरू लागले. कोणी दम लागून, कोणी बसल्या जागी छाती धरून, कोणी पाळण्यात. प्रत्येकापुढे "देवाज्ञा जाहली" इतकेच बोलावे. पूर्वी घराण्यात सालाकाठी एखादे सुतक येई, आता एक फिटते तो दुसरे दारी उभे. मुहूर्त धरावा, मांडव घालावा, की एखाद्या चुलत्यांनी आटोपावे आणि मांडव सोडावा. पुरुषमंडळींच्या डोक्यावर केस ठरेनात, मिशा तर नगरीतून हद्दपारच जाहल्या. न्हाव्याने मात्र माडी बांधली.

मग नवा मुहूर्त निघाला. राजवैद्यांनी काकींची छाती ऐकोन मान हलविली, आणि दिवाणजी अदबीने विनंती करते जाहले की, काकीसाहेबांनी कृपावंत होऊन मुहूर्तापर्यंत निभवावे, पुढे आपली मर्जी. काकी बोलिल्या, "निभावते हो. अक्षता टाकून मगच मरते. तुमची जिलबी वाया नाही जाऊ देत." सारे हसले. ताराऊ हसली नाही, काकींच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली.

ऐशात खाडीकडील व्याहीराजे वऱ्हाडासह दाखल जाहले. त्यांचेकडे मोकळा वारा, माणसे म्हातारी होऊन मरतात. मांडवात पाहतात तो यजमान झाडून सारे डोई भादरलेले. त्यांनी इकडेतिकडे विचारपूस केली आणि मग बोलिले की, राजे, राग नसावा, परंतु ज्या घरात इतके मरण, त्या घरच्या रक्तातच खोट असावी, सबब ही सोयरीक आम्हांस झेपत नाही. दादासाहेबांनी दिवाणजींकडे पाहिले. दिवाणजींनी भट्ट्यांकडे पाहिले. मग दादासाहेब खाली मान घालून म्हणाले की, असेल, रक्तातच काही असेल. लेकीस बट्टा लागला तो सोसला, भट्टीस लागू दिला नाही.

तेव्हा काकी उठल्या, दम लागला म्हणून मांडवाचा खांब धरिला, आणि बोलिल्या, "व्याहीबुवा, मी या घरात लग्न होऊन आले. माझे रक्त परके, तरी माझीही छाती वाजते. न्हाव्याने माडी बांधली, ती चढायला त्याची बायको उरली नाही. तिचे रक्त काय आमच्या घराण्याचे? पोर चांगली आहे, तुमच्या वाऱ्यात घेऊन जा. हे धुके नव्हे. हा आमच्या दादाच्या भट्ट्यांचा धूर आहे, आणि तोच माणसे मारतो."

हे ऐकोन व्याहीराजांनी आपला नकार मागे घेतला, आणि येणेप्रमाणे लग्न लागले. कोयरी ताराऊबरोबर खाडीकडे गेली, तेथे ती रोज पुसावी लागत नाही. राजनगरीत न्हाव्यास अद्याप उसंत नाही.