चंपालालशेठ आणि हवेची मशीनं

ओतूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही निवांत उभे असताना मागून कुणी तुमची कॉलर धरली तर घाबरू नका. ते चंपालालशेठ असतात. भांडायला आलेले नसतात, कॉलर उलटी करून शिवण बघत असतात. "दोन वर्षं झाली न्हवं या कापडाला? रंग धरून हाय. बरं, काखेत विरलंय का?" एवढं विचारून ते तुमचा हात वर करायला लावतात. स्टँडवर, चारचौघांत.

माझा हात असा पाच-सहा वेळा तरी वर झाला असेल. मी ओतूरच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आजी-माजी विद्यार्थ्यांसमोर काख दाखवताना माणसाचं काय होतं ते मला विचारा. पण शेठना रागावता येत नाही. त्यांच्या डोळ्यांत खरीच काळजी असते.

त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येताना पाठीवर कापडाचं गाठोडं आणलं होतं. त्या गाठोड्याचं पेठेत दुकान झालं. शेठ इथलेच, बोलणं अगदी इथलं. बाकीचे दुकानदार गिऱ्हाईक पायरी उतरलं की पुढच्याकडं बघतात. शेठचं काम तिथून सुरू होतं. लग्नाचा बस्ता बांधून नेलेल्या घरी ते वर्षभरानं हजर होतात. पैठणी कशी आहे ते विचारतात, नवरीला काय त्रास नाही ना तेही विचारतात. एकदा नारायणगावच्या एका घरात त्यांनी असं विचारलं आणि नवी सून रडायलाच लागली. तिच्या माहेरी निरोप पोचवूनच शेठ परत आले. पैठणीचं विचारायचं राहिलं म्हणून पुन्हा गेले.

कुणी काही सांगायला लागलं की शेठचं ठरलेलं वाक्य असतं: "ते झालं. मग पुढं?" दाढ काढली. ते झालं, मग पुढं? मुलगा पुण्याला नोकरीला लागला. ते झालं, मग पुढं? गावातले काही लोक त्यांना लांबून बघून रस्ता बदलत. मीही बदललाय.

त्यांच्या या खोडीचा उपयोग होऊ शकतो हे पहिल्यांदा ओळखलं ते पुण्याच्या मृणाल मॅडमनी.

झालं असं होतं. कोरोनाच्या वाईट दिवसांत एक परदेशी संस्था आमच्या भागात आली होती. कुठं युद्ध, कुठं भूकंप, तिथं डॉक्टर घेऊन पोचणारी. त्यांनी मैदानात पांढरे तंबू ठोकले आणि दवाखाना चालवला. लोक त्यांना 'तंबूवाले' म्हणत. जाताना त्यांनी पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांना हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी बारा मशीनं दिली. हवेची मशीनं. आता काही वर्षांनी संस्थेला जाणून घ्यायचं होतं की आपल्या मदतीचा खरंच उपयोग झाला का. मशीनं वापरात नसतील तर ती उचलून दुसऱ्या देशात पाठवायची होती. हा तपास करायला मृणाल मॅडम टॅब्लेट आणि प्रश्नावली घेऊन आल्या. वय तिशीच्या आत, काम चोख. वाट दाखवायला आणि ओळख करून द्यायला त्यांनी मला घेतलं.

पहिल्याच दिवशी ऊन फार होतं म्हणून त्या शेठच्या दुकानात सुती ओढणी घ्यायला गेल्या. शेठनी काम विचारलं. प्रश्नावली मागून घेतली, चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, "ताई, मशीन ज्यांना मिळालं त्यांचे प्रश्न हायेत. ज्यांना मिळालं न्हाई त्यांचा कागद कुठाय?"

मॅडमनी हातातली ओढणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही उद्या मोकळे आहात का?"

दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये आम्ही तिघं. शेठच्या हातात उकळलेल्या पाण्याची बाटली आणि खाकऱ्यांचा डबा.

पहिले दोन दिवस मॅडमच्या टॅब्लेटवर सगळीकडं पाचपैकी पाच पडत होते. आपले लोक पाहुण्याला वाईट कसं सांगतील? "लई चांगलं झालं बघा," म्हणायचे आणि चहा ठेवायचे. शेठ चहा घ्यायचे नाहीत. ते म्हणायचे, "ते झालं. मग पुढं? मशीन दाखवा."

मग एकेक बाहेर यायला लागलं. एका गावात मशीनवर क्रोशाचं विणलेलं कव्हर घालून वर गणपतीची मूर्ती ठेवली होती. एका ठिकाणी ते ग्रामपंचायतीच्या कपाटात होतं आणि किल्ली ज्याच्याकडं होती तो मुंबईला गेलेला. एका घरात त्याला डबाच समजून त्यात बियाणं ठेवायला जागा शोधून झाली होती. जागा नाही म्हणून ते बिचारं वाचलं.

पण शेठ नुसते दोष काढत फिरत नव्हते. भिवाजी नावाच्या एका माणसानं मशीननं जीव वाचल्याचं सांगितलं तेव्हा शेठनी त्याला विहिरीपर्यंत चालत जाऊन यायला लावलं. स्वतः बरोबर गेले. परत आले तेव्हा भिवाजी नेहमीसारखा बोलत होता आणि शेठना धाप लागली होती. "लिवा ताई," ते दम खात म्हणाले, "हे काम पक्कं झालंय."

त्याच भिवाजीनं बोलता बोलता सुनंदाचं नाव सांगितलं. सुनंदा त्या भागातली आशा सेविका. तंबूवाल्यांच्या एका नर्सबाईनं तिला आठ दिवस जवळ बसवून शिकवलं होतं: श्वास कसा मोजायचा, ओठ निळे पडले तर काय करायचं, कुणाला गाडीत घालून लगेच खाली न्यायचं. तंबू गेले, पण डोंगरात अजूनही कुणाला दम लागला की सुनंदाला बोलावतात. प्रश्नावलीत याबद्दल एकही प्रश्न नव्हता. शेठनी तिला पाऊण तास प्रश्न विचारले. निघताना मॅडमना म्हणाले, "मशीन मोजताय ते बरोबर हाय. पण त्या नर्सबाई आठ दिवस बसल्या ते कुठं मोजणार?" मॅडमनी त्या दिवशी टॅब्लेट बाजूला ठेवून वही काढली.

शेवटचं मशीन मढच्या पलीकडं एका वस्तीवर होतं. या मशीनवर एक छोटा आकडा असतो, ते एकूण किती तास चाललं ते दाखवणारा. कपाटातलं मशीन सोडून बाकी सगळ्यांचे आकडे मॅडमनी गावागावांतून फोनवरून आधीच मागवले होते. हे मशीन बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त चाललं होतं. मॅडम खुशीत होत्या. अहवालाची सुरुवात याच घरापासून करायची असं त्यांनी जीपमध्येच ठरवलं.

घर ठकूबाईंचं. सत्तरी ओलांडलेली, ताठ बाई. दारातूनच मशीनचा घरघर आवाज येत होता. तिनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. म्हणाली, "लई उपेग झाला बघा. तंबूवाल्यांचं भलं व्हवो." मॅडमनी पाच आकडा दाबला.

शेठ मशीनपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी कॉलर बघावी तसं ते मशीन बघितलं. नाकाला लावायची नळी गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती. मशीनला एक पाण्याची बाटली असते, हवा ओलसर करायला. ती कोरडी ठणठणीत होती. शेठनी तिच्यात बोट घालून बघितलं, मग ठकूबाईंकडं बघितलं. त्यांचं ते ठरलेलं वाक्य येणार म्हणून मी वाट बघत होतो. ते आलं नाही.

"सर, ताईंना जरा मागची भातखाचरं दाखवून आणा," ते म्हणाले.

आम्ही बाहेर पडलो. अर्ध्या तासानं शेठ आले, जीपमध्ये बसले. रस्त्याला लागल्यावर त्यांनी सांगितलं.

ठकूबाईंच्या नवऱ्याची छाती जुन्या क्षयानं निकामी झाली होती. तो चार दिवसांचा सोबती आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. या मशीनवर तो आणखी वर्षभर जगला. एक दिवाळी बघितली, म्हैस व्यालेली बघितली. मागच्या वर्षी गेला. दोन मुली लांब दिलेल्या.

"तेव्हापासून ती रोज दुपारी मशीन चालू करती," शेठ म्हणाले. "म्हणली, म्हातारा व्हता तवा दिवसभर हा आवाज असायचा. मी भांडी घासायचे, तो पडलेला असायचा. आवाज आला की वाटतं आत माणूस हाय."

मॅडमनी टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यात जास्त चाललेल्या मशीनवर कुणीच नाही."

"न्हाई."

"मला हे लिहावं लागेल, काका. आणि सुनंदाताई सांगत होत्या, खडी क्रशरवर काम करून धुळीनं छाती गेलेला एक माणूस आहे. त्याला मशीनची गरज आहे. हे उचलून त्याला द्यायला पाहिजे."

"लिवा की. खोटं लिवू नका. मशीन चालतंय, रोगी न्हाई, असंच लिवा. आणि त्याच्या खाली हेबी लिवा, की मशीननं आपलं काम चोख केलंय, एका माणसाला वरीसभर जास्त दिलं." मग म्हणाले, "फकस्त उचलायला गाडी पाठवू नका. पंधरा दिवस द्या मला."

मॅडमनी दिले. तोवर क्रशरवाल्यासाठी त्यांनी कपाटातलं मशीन बाहेर काढायची खटपट सुरू केली, पण किल्लीवाला काही मुंबईहून हलेना.

शेठ दुकान भाच्यावर सोपवून स्कूटरवरून मढच्या पलीकडं गेले. दोन दिवसांनी पुन्हा गेले. मी विचारलं, "काय बोलता?" तर म्हणाले, "कापडाचं." मशीनचा विषयच काढत नव्हते. चौथ्या खेपेला ठकूबाईंनीच विचारलं, "शेठ, खरं सांगा, मशीन कुणाला पायजे?" शेठनी क्रशरवाल्याचं नाव सांगितलं. त्याला दोन मुलं आहेत हे सांगितलं. ती उठली. मशीन ओल्या फडक्यानं पुसलं, हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "त्याला सांगा, डाव्या अंगावर निजून नळी लाव. उजव्या अंगावर निजलं की घसरती. आमच्या ह्यांनी लई दिवस तरास काढला तवा समजलं."

सुनंदानं हा डाव्या अंगाचा सल्ला आपल्या वहीत लिहून घेतला.

मॅडमचा अहवाल गेला. संस्थेनं मशीनं नेली नाहीत. कुठलं मशीन कुठं ठेवायचं ते आता सुनंदाच्या सल्ल्यानं ठरतं, आणि त्या नर्सबाई पुन्हा येऊन आणखी दहा बायकांना शिकवून गेल्या. शेठना संस्थेकडून इंग्रजीत आभाराचं पत्र आलं. मी त्यांना त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी पत्राच्या कागदाला बोट लावून बघितलं. म्हणाले, "कागद भारी हाय."

मला वाटलं, गोष्ट संपली.

या माघात मी मढच्या बऱ्याच पुढं एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. परतताना, दुपार कलत असताना, एसटी गाठायला चालत येत होतो, तर ठकूबाईंच्या दाराशी शेठची स्कूटर दिसली. मी आत डोकावलो. ठकूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. शेठ भिंतीला टेकून बसले होते आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. कांद्याचे बाजारभाव, मग आळेफाट्याच्या अपघाताची बातमी, मग राशिभविष्य. ती ऐकत होती असं काही दिसलं नाही. मध्येच ते पान उलटायला थांबले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "वाचा की."

निघताना मी शेठबरोबर रस्त्यापर्यंत चाललो. "अजून येता?" मी विचारलं.

"दुकान बंद असतं त्या दिवशी."

"शेठ, त्या दिवशी तुम्हाला बरोबर कसं कळलं? बाटली कोरडी होती म्हणून?"

त्यांनी स्कूटरची किल्ली लावली, पण सुरू केली नाही. त्यांच्या पत्नी कमलाबाई जाऊन तीन वर्षं झाली. मुलगे सुरतेला. दुकानाच्या वरच्या तीन खोल्यांत ते एकटेच राहतात, हे मला माहीत होतं. म्हणजे, पत्ता माहीत होता.

"बाटली न्हाई, सर," ते म्हणाले. "माझ्या घरी आता थंडीत पण पंखा चालू असतो. सोटर घालून बसतो मी त्याच्याखाली. बंद केला की लई शांत व्हतं."

इतकी वर्षं या माणसानं माझे शर्ट, माझी दाढ, माझा मुलगा, सगळ्यांची चौकशी केली होती. मी त्यांना काय विचारलं होतं ते आठवेना.

"आज आमच्याकडं जेवा," मी म्हणालो. "कांदा-लसूण नको म्हणून घरी फोन करतो."

नेहमीसारखं ते हात हलवून 'पुन्हा कधी' म्हणतील असं वाटलं. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, एवढं कारण त्यांना पुरतं. त्यांनी डोंगराकडं बघितलं. सूर्य अजून कड्याच्या बराच वर होता.

"मग मागं बसा," ते म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली.