भाकरीवालं नाही

हिंमतराव खामगावहून उंद्रीला आले ते परीक्षा घ्यायलाच. धाकट्या भावाची मुलगी निशिगंधा सोळा वर्षांची, आणि शाळेत जात नव्हती. "हिचं डोकं वेगळं आहे," असं गोड बोलून मुख्याध्यापकांनी तिला घरी पाठवलं होतं. स्वतःचं डोकं कसं आहे ते त्यांनी कधी तपासून घेतलं नव्हतं. तेव्हापासून तिची आई वंदना तिला घरीच शिकवायची. भाकर थापणं, गॅस बंद करणं, आल्यागेल्याला विचारणं, सगळं. हिंमतरावांचं मत मात्र ठाम होतं, पोरीला नागपूरच्या वसतिगृहात टाकायचं. आणि वंदनाचा नवरा अविनाश म्हणजे थोरल्या भावाचा शब्द खाली पडू न देणारा माणूस.

भांडून भांडून शेवटी वंदनानं एक संधी मिळवली. आजचा पाहुणचार निशिगंधानं एकटीनं करायचा. जमला तर पोरगी घरी, नाही तर नागपूर.

"अन् तू मधात एक शब्द बोलायचा नाही," हिंमतरावांनी बजावलं. वंदना मुकाट्यानं कोपऱ्यात शेंगा फोडत बसली.

निशिगंधाचं डोकं सरळ रस्त्यानं चालायचं, आडवळण तिला दिसतच नसे. अशा पोरीला जग कसं लुबाडतं हे वंदना जाणून होती. म्हणून तिनं पहिला धडा हाच पक्का केला होता, की नाही म्हणजे नाही. आपलं असो की दुसऱ्याचं.

एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलवर येऊन हिंमतरावांचा घसा करपला होता.

"मोठे बाबा, पाणी देऊ?"

"राहू दे बेटा."

निशिगंधा तांब्या घेऊन परत गेली.

हिंमतराव तांब्याच्या पाठीकडे बघत राहिले. आपल्याकडे पहिल्यांदा 'राहू दे', दुसऱ्यांदा 'काऊन तरास घेता', आणि तिसऱ्यांदा हात पुढे. सगळा मुलूख असा खोटं बोलून पाणी पितो आणि वर त्याला संस्कार म्हणतो. हा संस्कार शिकवायचा राहूनच गेला, हे वंदनाच्या तेव्हा ध्यानात आलं. तिच्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

चहाचंही तेच झालं. आत्ताच घेतला, असं ते म्हणाले आणि निशिगंधानं गॅस बंद केला. मग वांग्याच्या भाजीचा वास सुटला. जेवायचं विचारल्यावर हिंमतरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नाही वं बेटा, पोट भरेल हाये." निशिगंधाची मात्र जेवायची वेळ झाली होती. ती त्यांच्यासमोरच ताट घेऊन बसली. तिच्या प्रत्येक घासाला ते आवंढा गिळत होते.

शेवटी त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला. "चाल, निघतो मंग." असं म्हटलं की घरच्यांनी दार अडवायचं असतं. निशिगंधानं हात धुतले, चपला सरळ करून ठेवल्या, पिशवी हातात दिली आणि दार उघडलं.

"बरं. ऊन हाये, हळू जा."

हिंमतरावांचा एक पाय चपलेत, एक बाहेर. "अवं, सकाळपासून उपाशी हाओ मी!"

"मंग नाही काऊन म्हणले?"

त्यांनी वंदनाकडे पाहिलं. वंदनाला बोलायची मनाई होती, ती शेंगांकडे पाहत होती. 

"भूक लागली बेटा," ते हळूच म्हणाले. "जेवाले वाढ."

पुढं सगळं बिनचूक झालं. पाणी आलं, ताट आलं, टम्म फुगलेली भाकर आली, गॅस बंद झाला. आनंदानं वंदनाची जीभ सुटली. "भाऊजी, अर्धी भाकर अजून घ्या न." हिंमतरावांनी ताटावर हात आडवा धरला. आता खरंच पोट भरलं होतं. पण वंदनाचा हात सवयीनं ताटाकडे गेलाच. निशिगंधानं तो मनगटाशी धरला.

"आई, ते नाही म्हणले."

भाकर टोपलीत परत गेली. भावाच्या घरून पोट फुटायच्या आधी उठण्याची हिंमतरावांची ही पहिलीच वेळ. त्यांनी ढेकर दिली, तेवढ्यात अविनाशचा फोन आला. नागपूरला काय कळवायचं?

"नाही म्हणून कळव. पोरगी कुठी जात नाही."

वंदनानं पदर तोंडाला लावला. निशिगंधा मात्र तांब्या घेऊन समोर उभी राहिली आणि मोठ्या बाबांना निरखू लागली. या माणसाच्या नाहीचा तिला आज चांगलाच अनुभव आला होता.

"मोठे बाबा, हे नाही पाण्यावालं हाये का भाकरीवालं?"

"भाकरीवालं," हिंमतराव म्हणाले, आणि तिनं विचारायच्या आत पाण्यासाठी हात पुढे केला.