हाकेला ओ देणारा फळा

"पुढे!" भूगोलाचे सर खणखणीत आवाजात म्हणाले.

दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आलेली त्यांची बायको जागच्या जागी थांबली. "पुढे कुठे? पुढे भिंत आहे."

"तुला नाही गं. मागे!"

"अहो, एकदा काय ते ठरवा. दूध सांडेल."

सर आवाजाची तालीम करत होते. शाळेत नवा फळा आला होता. तो भिंतीएवढा होता, काचेचा होता आणि मुख्य म्हणजे त्याला कान होते. 'पुढे' म्हटलं की पुढचं चित्र यायचं, 'मागे' म्हटलं की मागचं. 'मोठं कर', 'फिरव', 'दाखव' असं काहीही सांगा, मुकाट्यानं करायचा. घरात असं ऐकणारं कुणीच नसल्यामुळे सरांना सुरुवातीला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

पण ते कौतुक टिकलं नाही. फळा मिळाला होता तो तात्पुरता. वरच्या कार्यालयातले साहेब शाळा तपासायला येणार, त्यांना फळ्यावरचा एक तास दाखवायचा, आणि साहेब खूश झाले तरच फळा शाळेत राहणार होता. आणि तो तास भूगोलाचाच हवा, असं खुद्द साहेबांनी कळवलं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना खोलीत बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "सर, तुम्ही खडूनं नकाशे सुंदर काढता, वादच नाही. पण हे जमलं नाही, तर पुढच्या वर्षी भूगोल आपण व्हिडिओवरूनच शिकवू. कॉम्प्युटरच्या बाई लावून देतील, तुम्ही वर्गात नुसतं बसा."

हे 'नुसतं बसा' सरांच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर ते वर्गात कधी बसले नव्हते. पृथ्वी शिकवताना ते स्वतः पृथ्वी होत, आणि नदी शिकवताना बाकांमधून वाहत जात.

मग त्यांनी कॉम्प्युटरच्या बाईंना गाठलं. बाई तरुण, हुशार आणि कायम घाईत.

"सर, फळ्याला आधी हाक मारायची. मग काम सांगायचं. हाक मारली नाही तर तो ऐकत नाही. शिवाय तो फक्त तुमचाच आवाज ओळखेल, म्हणजे मुलं खोड्या करणार नाहीत. बोला, हाकेचा शब्द कोणता ठेवू?"

"कोणताही ठेवा."

"तसं नको. ऐनवेळी आठवायला हवा. वर्गात तुमच्या तोंडात सारखा कोणता शब्द असतो?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "अरे."

"छान! छोटा आणि सोपा," असं म्हणत बाईंनी तो शब्द टाकला आणि त्या पुढच्या कामाला पळाल्या. पुढे जे झालं, त्यात दोघांचीही चूक नव्हती. प्रश्न खरा होता आणि उत्तरही खरं होतं.

तपासणीच्या दिवशी मोठ्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. साहेबांचा निरोप आला होता, 'पोहोचलो आहे. जरा आवरून येतो.' ते येईपर्यंत धडा चांगला रंगात आलेला असावा, म्हणून बाईंनी सरांना सुरू करायला सांगितलं.

"अरे, पृथ्वी दाखव," सर म्हणाले. फळ्यावर अंधार झाला आणि त्यात निळी पृथ्वी तरंगू लागली. मुलांनी 'आ' केला. सरांची छाती फुगली. "अरे, फिरव." पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे संथपणे फिरू लागली. मोठ्या बाईंनी मागून मान डोलावली.

"तर पृथ्वी अशी स्वतःभोवती फिरते. म्हणून दिवस आणि रात्र..." सर थांबले. पहिल्या बाकाजवळ एक मुलगा उभा राहून फळ्याला नाक लावण्याच्या बेतात होता. हा वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. त्याला सगळे शिडी म्हणत.

"अरे, मागे जा!"

शिडी मागे गेला. पृथ्वीही मागे गेली. ती गेली आणि तिच्या जागी आदल्या धड्यातला कोळशाचा डोंगर आला.

"सर, पृथ्वी गेली," असं सांगितलं ते वर्गातल्या रेडिओनं. रेडिओ म्हणजे दुसऱ्या बाकावरची मुलगी. ती बंद होत नसे, म्हणून ते नाव.

"अरे, पुढे!" पृथ्वी परत आली. पण वर्गात खसखस पिकली होती. "अरे, आवाज कमी करा!" सर ओरडले. फळ्याचा आवाज कमी झाला, मुलांचा वाढला. सरांचा तोल सुटू लागला. "अरे, काय चाललंय काय? माझं डोकं फिरवू नका!"

फळ्याला यातलं 'फिरव' तेवढं कळलं. आधीच फिरणारी पृथ्वी गरागरा फिरू लागली, एवढी की खंड कोणता आणि समुद्र कोणता हेच कळेना.

"सर, आता किती वाजले असतील तिथे?" रेडिओनं विचारलं.

"अरे देवा!" सरांनी कपाळावर हात मारला.

"देवा या नावाचे ठिकाण नकाशावर सापडले नाही," फळा गोड आवाजात म्हणाला.

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि मग सरांकडे असं पाहिलं की सरांना आपण वर्गात नुसते बसलो आहोत असं दिसू लागलं. त्यातच खिडकीतून ऊन थेट फळ्यावर आलं. सर शिडीला म्हणाले, "जा, पडदा ओढ." शिडी आज्ञाधारक होता आणि त्याचे हात लांब होते. त्यानं मन लावून ओढला. पडदा, दांडी आणि भिंतीचा थोडा गिलावा असं सगळं एकदम खाली आलं.

धूळ खाली बसली तेव्हा सरांच्या आवाजात तीस वर्षं जुनी धार होती. "अरे, तुझ्या वडिलांना बोलाव! आत्ताच्या आत्ता!"

"कोणाच्या वडिलांना?" एका गोड आवाजानं विचारलं.

सरांना वाटलं, रेडिओच बोलतेय. त्यांनी शिडीकडे बोट दाखवून त्याचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठणकावून सांगितलं.

आता, गैरहजर मुलांच्या घरी निरोप जावेत म्हणून सगळ्या पालकांचे फोन नंबर फळ्यात भरून ठेवलेले होते. ही कल्पना मोठ्या बाईंची. फळ्यातून घंटी वाजू लागली.

"बंद! बंद कर!" सर ओरडले. पण या वेळी नेमकं 'अरे' म्हणायचं राहिलं. ते म्हणेपर्यंत फोन उचलला गेला होता, आणि फोन चालू असताना फळा कुणाचंच ऐकत नसे.

पृथ्वीच्या जागी एक केशकर्तनालय आलं. भिंतीएवढं. आरशासमोर फिरत्या खुर्चीत एक गिऱ्हाईक मान टाकून बसलं होतं. अर्ध्या चेहऱ्याला पांढराशुभ्र फेस, अर्धा तुळतुळीत. बाजूला वस्तरा घेऊन शिडीचे वडील उभे होते. शाळेचा फोन म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला होता.

"सर? काय झालं? पोरगं बरं आहे ना?"

"बाबा, मी बरा आहे," शिडी म्हणाला. "पडदा पडला."

"डोळ्यांवर?"

"नाही, खाली."

सर ओशाळले. भर धंद्याच्या वेळी भल्या माणसाला घाबरवलं होतं. "तसं विशेष काही नाही हो," ते कसेबसे म्हणाले. "आम्ही... आम्ही पृथ्वीचं फिरणं शिकत होतो. म्हटलं, पालकांनाही..."

"अस्सं होय!" वडिलांचा जीव भांड्यात पडला. "शिकवा, शिकवा. मीही ऐकतो. काय फिरतं म्हणालात?"

"पृथ्वी. पण ती कोणत्या दिशेनं फिरते?" सरांनी सवयीनं विचारलं.

वर्गातून उत्तर यायच्या आधीच खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं डोळे न उघडता सांगून टाकलं. "सोपं आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, पश्चिमेला मावळतो. म्हणजे पृथ्वीही पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरते. हे काय विचारायचं?"

"चूक!" रेडिओ कडाडली. तिच्यामागून अख्खा वर्ग ओरडला, "चूक!"

गिऱ्हाइकानं डोळे उघडले. समोर आरशाला टेकवलेल्या फोनमधून पन्नास मुलं त्याच्याकडे बोट दाखवत होती. "चूक कशी?" त्याच्या फेसाळ मिशा थरथरल्या. "मी लहानपणापासून असंच..."

इथे भूगोलाच्या सरांचं काहीतरी झालं. ते फळ्याला विसरले, मोठ्या बाईंना विसरले, साहेबांना विसरले. चुकलेला विद्यार्थी समोर दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

"अहो काका, हरकत नाही. बरोबरच चुकलात. सगळे इथेच चुकतात. तुमच्यासमोर आरशावर दिवा आहे ना? तो सूर्य. तुम्ही पृथ्वी. तुमचा डावा कान पूर्व, उजवा पश्चिम. शिडीचे बाबा, खुर्ची फिरवा. काकांच्या डाव्या हाताकडे. हळू. वस्तरा बाजूला ठेवा आधी!"

खुर्ची फिरली. गिऱ्हाइकाचं तोंड मागच्या भिंतीकडे गेलं.

"काका, आता दिवा दिसतो?"

"नाही," भिंतीकडून आवाज आला.

"रात्र!" वर्ग ओरडला.

"फिरवत राहा. कुठून दिसायला लागला?"

"डाव्या... डाव्या कानाकडून!"

"सूर्योदय!"

खुर्ची समोर आली, दुपार झाली, मग दिवा उजव्या कानाकडे गेला आणि संध्याकाळ झाली. सर फळ्याला जवळजवळ चिकटले होते. "काका, दिवा जागचा हलला?"

"नाही."

"मग फिरलं कोण?"

"मी!" गिऱ्हाईक चकित होऊन म्हणालं. "मी डावीकडे फिरलो, म्हणून दिवा उजवीकडे गेला! म्हणजे... पश्चिमेकडून पूर्वेकडे! अहो, परत फिरवा एकदा!"

वर्गाच्या आग्रहावरून पृथ्वीनं आणखी बरेच दिवस-रात्र काढले. शेवटच्या बाकावरची मुलं बाकांवर उभी राहून पाहत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मोठ्या बाईही उभ्या होत्या. अखेर खुर्चीतून आवाज आला, "बस, बस, गरगरायला लागलं," आणि शिडीच्या वडिलांनी आभार मानून फोन बंद केला.

थोड्या वेळानं दाराशी बुटांचा आवाज झाला. मोठ्या बाई लगबगीनं पुढे धावल्या. "या साहेब, या! मुलांनो, उभे राहा."

साहेब आत आले. कडक इस्त्रीचे कपडे, हातात फाईल, ताजी गुळगुळीत दाढी, आणि अंगाला केशकर्तनालयातल्या पावडरीचा वास. चालताना ते किंचित डावीकडे झुकत होते.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. त्या शांततेत रेडिओ लागला.

"सर! पृथ्वी आली!"

भूगोलाच्या सरांना पायाखालची जमीन कोणत्या दिशेनं सरकतेय तेही कळेना. आपण तपासणीच्या साहेबांना 'काका' म्हणालो, पन्नास मुलांसमोर चूक ठरवलं, आणि वर गरगर फिरवलं. साहेबांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली, खाली पडलेल्या पडद्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाताना म्हणाले, "सर, माझ्याबरोबर ऑफिसात या. एकटेच."

मोठ्या बाई ऑफिसबाहेर बाकड्यावर बसून राहिल्या. आत बराच वेळ काही ऐकू येईना. फळा गेला, सरही गेले, आणि आता आपली पाळी, असा हिशोब त्या मनात मांडत होत्या.

आत साहेबांनी दार नीट लावून घेतलं होतं. खुर्ची पुढे ओढून ते हलक्या आवाजात म्हणाले, "फळा तुमच्याकडेच राहील, तो विषय संपला. पण सर, एक घोटाळा झालाय. माझी नात माझ्याकडे भूगोल शिकते. दिवस-रात्रीचं मी तिला सगळं उलटं शिकवून बसलोय. ते आज रात्री दुरुस्त करतो. पण उद्या तिला ऋतू शिकवायचेत."

"मग?"

साहेबांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "ते तरी मला बरोबर येतंय का, बघता का जरा?"

शेवटी न राहवून मोठ्या बाई चहाचा ट्रे घेऊन आत शिरल्या, आणि दारातच खिळल्या. टेबलाच्या मधोमध कागदांवर पेपरवेटसारखे भूगोलाचे सर मांडी घालून बसले होते. ते सूर्य होते. आणि साहेब मान एका बाजूला कलती करून, स्वतःभोवती गिरक्या घेत, टेबलाला प्रदक्षिणा घालत होते.

"मान, साहेब, मान!" सर ओरडले. "उन्हाळा आला म्हणून मान सरळ करायची नाही! कलतीच ठेवा, तीही त्याच बाजूला!"

"चुकलो, चुकलो," म्हणत साहेब पुन्हा हिवाळ्यापासून निघाले.

बाईंनी ट्रे अलगद कोपऱ्यात ठेवला, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि बाहेर जमलेल्या शिक्षकांना गंभीरपणे सांगितलं, "कुणी आत जाऊ नका. तपासणी चालू आहे."