चौबळसाहेबांना लंडनचं बोलावणं

चौबळसाहेब दर रविवारी स्वतःच्या घरातून निघून स्वतःच्याच घरी कामाला जातात.

म्हणजे असं, की दुपारचा चहा झाला की ते इस्त्रीचा शर्ट घालतात, बूट चढवतात, दार ओढून घेतात, जिने उतरतात, आमच्या बिल्डिंगला एक चक्कर मारतात आणि परत जिने चढून स्वतःच्याच दाराची बेल वाजवतात. आतून चौबळकाकू विचारतात, "कोण?"

"मॅनेजर," साहेब सांगतात. मग दार उघडतं.

मी बेलवलीच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी जिन्यात गाठ पडली. मी ओळख काढायची म्हणून विचारलं, "बाहेर निघालात?"

"मॅच आहे."

"अरे वा. कुठे?"

"घरीच. होम मॅच."

पुढच्या रविवारी ते फाटकाशी रिक्षात बसताना दिसले. हातात पाण्याची बाटली, खांद्याला शबनम. "आज अवे मॅच," म्हणाले, आणि रिक्षा सुटली. थोड्या वेळाने तीच रिक्षा तेच साहेब घेऊन परत आली. रिक्षावाल्याला मी बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "काका बोलतो, बाहेरगावची मॅच है तो थोडा प्रवास तो होना मंगता. स्टेशनपर्यंत नेतो, वळवतो, परत आणतो. अपने को क्या, माणूस चांगला आहे."

प्रकरण होतं कॉम्प्युटरच्या एका खेळाचं. पुण्याच्या मुलीने त्यांना वाढदिवसाला लॅपटॉप दिला होता, त्यात फुटबॉलचा एक खेळ होता. या खेळात बॉलला पाय लावायचा नसतो. आपण क्लबचे मॅनेजर. संघ निवडायचा, खेळाडू घ्यायचे, विकायचे, त्यांचे रुसवे काढायचे, पेपरवाल्यांना उत्तरं द्यायची. मॅच सुरू झाली की स्क्रीनवर छोटे छोटे ठिपके पळतात आणि आपण फक्त हात चोळत बसायचं. साहेबांनी घेतला होता एल्डरविक टाउन नावाचा, सगळ्यात खालच्या लीगमधला, कोणाला ठाऊक नसलेला क्लब. काकूंनी त्याचं नाव ठेवलं 'धाकटं बेलवली'.

साहेबांचं आयुष्य अंबरनाथच्या एका कारखान्यात, पर्सोनेल डिपार्टमेंटला गेलेलं. त्यामुळे त्यांनी क्लबही तसाच चालवला. "सगळं रीतसर झालं पाहिजे" हे त्यांचं लाडकं वाक्य. नवीन खेळाडू आला की आधी प्रोबेशन. एखादा सलग वाईट खेळला तर दुसरा मॅनेजर त्याला विकून मोकळा होईल. साहेब त्याला आधी तोंडी समज देत, मग लेखी, मग त्याच्या बाजूने स्वतःच युक्तिवाद करत आणि शेवटी त्याला ठेवून घेत. एकदा मी जिन्यातून जाताना आतून आवाज आला, "नाही काढणार मी त्याला! त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत!" मला वाटलं, घरात कामगार युनियनची मीटिंग आहे.

"साहेब, तो खेळातला माणूस आहे. त्याला बायको नाही," मी नंतर म्हटलं.

"देसले, तुम्हाला काय माहीत?" ते म्हणाले. खरंच मला माहीत नव्हतं.

खेळाडूंची नावं इंग्रजी, पण त्या घरात कोणी ती घेत नसे. गोलकीपर पिंकर्टन, तो झाला पिंगळे. गोल मारणारा हॅलफर्ड, तो हळबे. बचावाला एक पोलंडचा कोवाल्स्की, तो कवळे. हे बारसं काकूंनी केलेलं. त्यामुळे आमच्या मजल्यावर रविवारी अशी आरोळी ऐकू यायची: "पिंगळ्यांनी अडवला! कवळे, अहो कवळे, पुढे बघा! हळबे एकटे आहेत, हळबे निघाले, हळबे...!" मग शांतता. मग काकूंचा आवाज, "घातला ना बाहेर?"

साहेब एवढ्या मोठ्याने का ओरडतात, हा प्रश्न मला पडला होता. आमच्या सविताने तो सोडवला. ती हळदीकुंकवाला त्यांच्याकडे जाऊन आली आणि म्हणाली, "अहो, काकूंना दिसत नाही. फक्त उजेड कळतो. दार वगैरे सरावाने उघडतात."

काकू कुळगावच्या शाळेत मराठी शिकवायच्या. नजर गेली तशी शाळा सुटली, मग खाली उतरणं सुटलं, मग बोलणं. साहेब त्यांना पेपर वाचून दाखवत. त्या ऐकता ऐकता झोपून जात. टीव्ही लावला तर बंद करा म्हणत. एकदा साहेब आपल्याशीच पुटपुटत तो नवा खेळ खेळत होते आणि काकू पलीकडच्या खुर्चीतून म्हणाल्या, "मग? पुढे काय झालं?"

एवढंच. हे मला साहेबांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर उगाच चष्मा पुसला. त्या दिवसापासून ते मोठ्याने खेळायला लागले.

धाकटं बेलवली दर मोसमात एकेक लीग वर चढत गेलं. आणि मग लंडनहून ऑफर आली.

खेळात असं होतं म्हणे. तुमचं नाव झालं की मोठा क्लब तुम्हाला बोलावतो. हा तर राजधानीतला, भल्यामोठ्या मैदानाचा बडा क्लब. हो म्हटलं की धाकटं बेलवली सुटलं. पिंगळे, हळबे, कवळे सगळे तिथेच राहणार. नाही म्हटलं तर ऑफर गेली. साहेबांनी काय करावं? दोन्हीपैकी काहीच नाही. खेळ होता तिथेच थांबवून ठेवला आणि जो भेटेल त्याचा सल्ला घ्यायला लागले. डॉक्टरांना विचारलं; त्यांनी ब्लडप्रेशर तपासलं. रिक्षावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "जावा ना काका, लेकिन स्टेशनपर्यंतच सोडेन."

मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या सिंधी शेठना म्हटलं, आमच्या शेजाऱ्यांना लंडनहून मॅनेजरची ऑफर आहे, आणि ते जावं की न जावं या विचारात आहेत.

"उमर क्या है?"

"सत्तरीच्या आसपास."

शेठच्या हातातला घास थांबला. "वडी साईं! इस उमर में लंडन बुला रहा है और वो सोच रहा है? उसको बोल, सोच मत!"

मी सांगितलं की हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. शेठनी घास तोंडात घातला, शांतपणे चावला आणि ते म्हणाले, "तो भी जाने का. बडी दुकान बडी दुकान होती है."

हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "त्यांच्या जागी ते बरोबर आहेत." आणि मग फाटकाजवळच्या बाकावर बसून त्यांनी मला खरी अडचण सांगितली.

"देसले, मला जायचंय हो. फार जायचंय. कारखान्यात एकदा मला हेड ऑफिसला बोलावलं होतं. मुंबईला, मोठी पोस्ट. हिची शाळा इथे, मुलगी लहान. मी नाही म्हणून कळवून टाकलं. त्याचं वाईट वाटत नाही. पण एकदा मोठ्या ठिकाणी काम करून बघायचं राहिलं ते राहिलंच."

"मग आता जा की."

"आणि हिचं काय? तिला अख्खी टीम पाठ आहे. कोण डावखुरा, कोण तापट, कोणाला पाऊस सोसत नाही. न दिसणाऱ्या माणसाच्या घरात आपण खुर्चीसुद्धा हलवत नाही, ठेच लागते. इथे मी अख्खं गाव हलवायचं? आणि नवीन गावात तिचं मन नाही रमलं तर? परत गप्प झाली तर?"

तोपर्यंत मी हा एका हौशी म्हाताऱ्याचा खेळ समजत होतो.

"मग रविवारी सध्या काय करता? खेळ तर थांबवलाय."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "एका रविवारी सांगितलं, तिकडे बर्फ पडलाय, मॅच पुढे ढकलली. पण दर रविवारी कसा बर्फ पडेल? आता मी... मॅच रचून सांगतो." मग अगदी हळू, "येत्या रविवारी तुम्ही याल का? तिसरं माणूस असलं की खरं वाटतं."

मी गेलो. नाही कसं म्हणणार? सोफ्यावर बसलो. समोर टेबलावर लॅपटॉप, तोही बंद. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत, पाय वर घेऊन, तोंडात बडीशेप. साहेबांनी काळ्याभोर स्क्रीनकडे बघत मॅच सुरू केली. काय मॅच होती! पिंगळ्यांनी तीन नक्की गोल अडवले. कवळ्यांनी एकही चूक केली नाही. समोरच्या टीमच्या माणसाने धक्का दिला आणि लगेच माफीही मागितली. शेवटी हळब्यांनी लांबून फटका मारला आणि गोल! मीसुद्धा भान विसरून टाळ्या वाजवल्या.

काकूंनी बडीशेप संपवली. "हळब्याने मारला?"

"हो! उजव्या पायाने!"

"त्याचा उजवा गुडघा दुखावलाय ना? दोन महिने खेळणार नाही, तुम्हीच सांगितलंत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"आणि कवळे एकदाही चुकला नाही?" काकू म्हणाल्या. "अहो, खोटं रचायचं तर थोडं तरी वाईट रचावं. मी मुलांचे निबंध तपासलेत. 'माझा आवडता सण' लिहिणाऱ्या पोरांच्या घरी जसं कधीच भांडण नसतं, तशा तुमच्या मॅचेस झाल्यात हल्ली. काय झालंय? क्लबने काढलं का तुम्हाला?"

"काढेल कशाला?" साहेब दुखावले. "लंडनहून ऑफर आहे."

आणि मग ते सगळं बोलले. मी उठायला लागलो तर काकूंनी हातानेच बसा म्हणून खुणावलं, अंदाज इतका अचूक की मी बसलोच. साहेब नावं, गाव, खुर्ची, ठेच, सगळं सांगून थांबले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला खरंच धास्ती वाटायला लागली.

"हेड ऑफिसच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतंत?" त्या म्हणाल्या.

"तुझी शाळा होती..."

"विचारलं होतंत?"

"नाही."

"मला महिन्याभराने तुमच्या कारखान्यातल्या साठेबाईंकडून कळलं. मी तेव्हा बदली मागितली असती मुंबईला. मिळाली असती, नसती, ते पुढचं. पण तुम्ही माझ्यासाठी नाही म्हणालात आणि ते ओझं मी उगाचच इतकी वर्षं वागवलं. आता परत तेच करताय. रीतसर, रीतसर म्हणता ना? मग बायकोला विचारणं कुठल्या नियमात बसत नाही?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"आणि खरं सांगू?" काकूंचा आवाज एकदम खाली आला, चुगली करताना येतो तसा. "मला त्या पिंगळ्याचा कंटाळा आलाय. दर पेनल्टीला डावीकडे उडी. दर पेनल्टीला! मी म्हणत नव्हते, तुमचा जीव आहे त्याच्यावर म्हणून."

"माझा?" साहेब ओरडले. "मी तर तुझ्यासाठी ठेवलाय त्याला! दोनदा चांगला गोलकीपर सोडला मी!"

"माझ्यासाठी?"

दोघेही एकमेकांकडे तोंड करून बसले होते. आधी काकू हसल्या. मग साहेब असे हसले की त्यांना खोकला आला आणि मला पाणी आणायला स्वयंपाकघरात जावं लागलं. परत आलो तर लॅपटॉप उघडलेला होता आणि साहेब राजीनामा वाचून दाखवत होते. काकू त्यातलं व्याकरण सुधारत होत्या, इंग्रजीचं. जाण्याआधी टीमला निरोपाचं भाषण झालं. खेळात तशी सोय नाही. साहेबांनी ते स्क्रीनसमोर उभं राहून केलं. मग त्यांनी काकूंचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि दोघांनी मिळून ते दाबलं.

"झालं?" काकू म्हणाल्या.

"झालं." साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं.

लंडनला सुरुवात काही बरी झाली नाही. पहिल्या मॅचला चार गोल खाल्ले. पण काकूंनी नव्या बारशाचा सपाटा लावलाय आणि आता त्या नुसतं ऐकत नाहीत. कोणाला घ्यायचं, कोणाला बसवायचं तेही सांगतात. त्या कठोर आहेत. प्रोबेशन वगैरे काही नाही. साहेब त्यांच्या हाताखाली काम करतात आणि तक्रार करत नाहीत. "निर्णय घेऊन दमलो होतो हो," मला म्हणाले.

परवा मी त्यांच्याकडे टपालाचं पाकीट द्यायला गेलो, चुकून आमच्याकडे आलेलं. दार उघडंच होतं. मॅच चालू होती आणि बोलत होत्या काकू. त्या मधल्या फळीचं काय चुकतंय ते हातवारे करून समजावत होत्या, वर्गात समजावत असतील तसं. केसांची एक बट तोंडावर आली होती, ती त्यांनी बोलता बोलता मागे सारली. स्क्रीनवर ठिपके पळत होते. एक ठिपका सगळ्यांना चुकवून पुढे गेला आणि गोल झाला. आमचाच. साहेबांना तो दिसला नाही. ते काकूंकडे बघत होते.

लॅपटॉपमधून गर्दीचा गलका आला तशा काकू थांबल्या. "अहो, काय झालं? कोणी मारला?"

"बघतो," साहेब म्हणाले, पण मान काही वळवली नाही. "तू बोल. तुझं आधी होऊ दे."

मी पाकीट दाराशी ठेवलं आणि निघालो.